शब्दशंका : ‘बॉनफायर’मधला बॉन कुठला?

प्रश्न : बेळगावच्या कॅम्पात ३१ डिसेंबरच्या रात्री ‘ओल्ड मॅन’ नावाचा पुतळा जाळतात. त्यावर सातवीच्या मुलांना निबंध दिला होता. एका मुलीनं लिहिलं, ‘बॉनफायर म्हणजे चांगली आग, कारण फ्रेंचमध्ये बॉन म्हणजे चांगलं.’ शाळेतल्या शब्दकोशात मात्र पहिला शब्द ‘बोन’, म्हणजे हाड, असा दिलाय. मुलं विचारतात, ओल्ड मॅनमध्ये गवत, जुने कपडे आणि फटाके असतात, हाडं कुठं असतात? नुसतं ‘कोशात आहे’ म्हणून न सांगता त्यांना पटवून कसं द्यावं?
— एक शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : कोश बरोबर आहे. बॉनफायर म्हणजे बोन अधिक फायर, हाडांची आग. पण त्या मुलीला रागावू नका, तिला सोबत मोठी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दकोशात हीच व्युत्पत्ती दिली होती : फ्रेंच ‘बॉन’ आणि इंग्रजी ‘फायर’. जॉन्सनसाहेबांच्या काळापर्यंत बॉनफायर म्हणजे आनंदाच्या प्रसंगी उघड्यावर पेटवलेला जाळ एवढाच अर्थ उरला होता. हाडं कधीच मागं पडली होती. आनंदाची आग म्हटल्यावर ‘चांगली आग’ सुचणं साहजिकच.

मुलांना समास शिकवून झाला असेल तर वाद तिथूनच सुरू करा. जॉन्सन यांनी हा शब्द कर्मधारय मानला : चांगली अशी आग. प्रत्यक्षात तो षष्ठी तत्पुरुष आहे : हाडांची आग. ‘वाइल्डफायर’ हा खरा कर्मधारय, कारण तिथलं पहिलं पद विशेषण आहे. विग्रह कोणता, हे अर्थ कानाला किती गोड लागतो यावर ठरत नाही. ते जुनं लेखन आणि उच्चार बघून ठरतं. आणि इथं सुदैवानं दोन्हीकडचा पुरावा भरपूर आहे.

आधी लेखन. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन मिर्क नावाचा एक धर्मगुरू इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये, लिलशल इथल्या मठात होता. सणांच्या दिवशी चर्चमध्ये वाचायची प्रवचनं त्यानं लिहून ठेवली. सेंट जॉनच्या सणाबद्दल तो सांगतो की आदल्या रात्री लोक जागरण करून तीन तऱ्हेच्या आगी पेटवतात. पहिली निव्वळ हाडांची, त्यात लाकूड नाही. तिचं नाव बॉनफायर. दुसरी निव्वळ लाकडांची, त्यात हाडं नाहीत. ती वेकफायर, म्हणजे जागरणाची आग. तिसरीत लाकूड आणि हाडं दोन्ही. ती सेंट जॉनची आग. आगीत काय घातलंय यावरून नाव कसं बदलतं हेच तो समजावतोय, त्यामुळं संशयाला फारशी जागा राहत नाही. (हा सण २४ जूनचा. गोव्यात त्याच दिवशी सांजांव करतात आणि विहिरीत उड्या मारतात. संत तेच, तिकडं आग आणि इकडं पाणी.)

दुसरा पुरावा १४८३ सालचा. उत्तर इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘कॅथॉलिकॉन अँग्लिकम’ या इंग्रजी–लॅटिन शब्दसंग्रहात ‘बेनफायर’ असा शब्द आहे आणि त्यापुढं लॅटिन अर्थ दिलाय : ‘इग्निस ओसियम’. इग्निस म्हणजे अग्नी आणि ओसियम म्हणजे अस्थींचा. हे लॅटिन शब्द आणि आपले संस्कृत शब्द एकाच मुळातून आलेले असल्यामुळं मराठी मुलाला हा अर्थ जवळजवळ न सांगताच कळतो. इंग्लंडमधल्या मुलाला ही सोय नाही!

आता मुलं हमखास विचारणार : मग उच्चार ‘बोनफायर’ का नाही? शंका रास्त आहे, आणि शब्दाचं खरं वय तिथंच सापडतं. इंग्रजीत जुन्या काळी दोन शब्द जोडले आणि पहिल्याच्या शेवटी दोन व्यंजनं एकमेकांना भिडली, की पहिल्यातला दीर्घ स्वर ऱ्हस्व व्हायचा. फळ्यावर दोन रकाने करून या जोड्या लिहा : गूस आणि गॉझलिंग, शीप आणि शेपर्ड, वाइज आणि विझडम, हाउस आणि हझबंड, ब्रेक आणि ब्रेकफास्ट. पाच पुरेत. ‘बोन आणि बॉनफायर’ ही जोडी सहावी म्हणून त्यांच्याखाली लिहायची. हाउस–हझबंड बघून एखादा हुशार मुलगा अडवेल की इथं स्वर नुसता ऱ्हस्व कुठं झालाय, तो सगळाच बदललाय. त्याला सांगा, त्या काळी हाउसचा उच्चार ‘हूस’ होता आणि वाइजचा ‘वीस’. जोडशब्दात आधी ते ‘हुस’ आणि ‘विस’ झाले. पुढं काही शतकांत एकट्या शब्दांतले दीर्घ स्वर सरकत गेले, ऱ्हस्व झालेले जागच्या जागी राहिले, आणि जोड्या एकमेकींपासून लांब गेल्या. ‘होली–हॉलिडे’ ही जोडी मात्र यादीत घेऊ नका. तिथंही स्वर आखडलाय, पण कारण वेगळं आहे : शब्द तीन अवयवांचा झाला म्हणून. मुलांनी हे पकडलं तर तास भलतीकडं जाईल.

मराठी मुलांना यात परकं काही वाटायचं कारण नाही. फूल दीर्घ, फुलपाखरू ऱ्हस्व. मीठ दीर्घ, मिठागर ऱ्हस्व. शुद्धलेखनात या चुका तुम्ही रोज तपासत असाल.

याची उलट तपासणीही करून दाखवा. ‘बोन चायना’ (कपबश्यांची चिनी माती) आणि ‘बोनमील’ (हाडांचं खत) यांतही तेच हाड आहे, पण तिथं उच्चार ‘बोन’च राहिला. कारण हे शब्द अलीकडचे आहेत. स्वर आखडण्याची ती लकब मध्ययुगातली. ती ओसरल्यावर जुळलेल्या शब्दांना तिची झळ बसली नाही. म्हणजे बॉनफायरमधला आखूड ‘बॉ’ हा हाडांविरुद्धचा पुरावा नव्हेच, तो शब्द जुना असल्याची खूण आहे.

फ्रेंच बाजूचा दावा खऱ्या अर्थानं निकालात निघतो तो स्कॉटलंडमुळं. जुन्या इंग्रजीत हाडाला ‘बान’ म्हणत. या ‘आ’चा दक्षिणेत ‘ओ’ झाला, उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये ‘ए’ झाला. दगड दक्षिणेत ‘स्टोन’ तर उत्तरेत ‘स्टेन’, घर ‘होम’ तर ‘हेम’, हाड ‘बोन’ तर ‘बेन’. आणि बॉनफायरला उत्तरेत काय म्हणत? ‘बेनफायर’. फ्रेंच ‘बॉन’मध्ये तो जुना ‘आ’ मुळातच नव्हता, त्यामुळं त्याचा उत्तरेत ‘बेन’ होण्याची सोयच नाही. शिवाय फ्रेंच लोक स्वतः अशा जाळाला ‘फ द झ्वा’, म्हणजे आनंदाची आग, म्हणतात. ज्या भाषेतून शब्द आला म्हणायचं, तिथं तो त्या अर्थानं रुळलेला नसेल तर दावा लंगडाच पडतो. ही तपासणी सगळ्यांत सोपी, आणि लोक नेमकी तीच विसरतात.

ओल्ड मॅनमध्ये हाडं का नाहीत, याचं उत्तर आता देता येईल. सोळाव्या शतकापर्यंत शब्दाचा अर्थ पसरून कुठलाही मोठा, उघड्यावरचा जाळ असा झाला. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी गाय फॉक्स आणि साथीदारांचा पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्याच रात्री लंडनकरांनी रस्त्यारस्त्यांवर बॉनफायर पेटवले. पुढच्याच जानेवारीत कायदा करून तो दिवस दरवर्षी पाळायचं ठरलं. तो कायदा १८५९ साली रद्द झाला, जाळ मात्र चालूच राहिला. त्यात जळणाऱ्या पुतळ्याला ‘गाय’ म्हणू लागले आणि आज इंग्रजी बोलणारा प्रत्येक जण मित्राला ज्या ‘गाय’नं हाक मारतो तो तिथूनच निघाला. कॅम्पातला ओल्ड मॅन या गायचा वंशज आहे असं मात्र मुलांना लिहू देऊ नका. दोन पुतळे सारखे दिसतात एवढ्यावर नातं जोडणं म्हणजे ‘बॉन’ सारखा दिसतो म्हणून फ्रान्स गाठण्यासारखंच.


प्रश्न : तुमच्या मागच्या अंकात बॉनफायर म्हणजे हाडांची आग असं एका ओळीत वाचलं. आमच्याकडं चितेनंतर तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात. हाडं जळत असती तर सावडायला काय उरलं असतं? मग नुसत्या हाडांची आग पेटेलच कशी? जाता जाता : शेतात हाडं जाळून टाकली तर बोनमीलचं काम होईल का?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : हाड जळतंही आणि उरतंही. कोरड्या हाडाच्या वजनात ढोबळमानानं दोन भाग खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट, आणि एक भाग सेंद्रिय, मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन. ताज्या हाडात याशिवाय मज्जा आणि चरबी. जळतं ते प्रथिन आणि चरबी. खनिजाचा सांगाडा आकार धरून राहतो, तीच अस्थी. रंगावरून किती ताप लागला तेही ढोबळ कळतं : तीनशे–चारशे अंश सेल्सियसला हाड काळं पडतं, कारण प्रथिनाचा कोळसा होतो, पुढं राखाडी होतं, साडेसहाशे–सातशेच्या वर कोळसाही जळून जातो आणि हाड पांढरंफटक, खडूसारखं ठिसूळ होतं. एकाच चितेत काळे आणि पांढरे तुकडे मिळतात ते जाळ सगळीकडं सारखा न लागल्यामुळं.

जळण म्हणून हाडाची किंमत त्यातल्या चरबीवर. मांडीच्या किंवा दंडाच्या हाडाची दोन्ही टोकं आतून जाळीदार असतात आणि त्या जाळीत चरबी भरलेली असते. ती टोकं फोडून घातली तर चांगली पेटतात. मधली नळी मात्र घट्ट, तिच्यातून ज्वाळा फारशी निघत नाही. महिनोन्‌महिने उन्हात पडलेलं पांढरं हाड तर जळण म्हणून बादच, त्यातली चरबी कधीच गेलेली. आणि काडी लावून हाड पेटत नाही. खाली लाकडाचा चांगला जाळ हवा, तो लागला की चरबी वितळून पेट घेते आणि ज्वाळा बराच वेळ टिकते. निखारा मात्र पडत नाही म्हणावं इतका कमी, त्यामुळं त्यावर भाकरी भाजायचं स्वप्न बघू नये. मिर्क म्हणतो तशी बिनलाकडाची आग पेटवतानाही सुरुवातीला काटक्या घातल्याच असणार. त्याचा भर मुख्य जळण कुठलं यावर आहे.

मग लाकूड असताना हाडं कशाला? मिर्कनं दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे : उन्हाळ्यात ड्रॅगन हवेत फिरतात आणि पाणी विषारी करतात, त्यांना हाडं जळल्याचा वास सोसत नाही. ड्रॅगनचं सोडा, वासाचं खरं आहे. प्रथिनात नायट्रोजन असतो आणि ते जळताना केस करपल्यासारखी, नाकात बसणारी दुर्गंधी सुटते. तेव्हा हौस म्हणून हा प्रयोग गावात करू नका. दुसरं कारण जास्त गंभीर : न फोडलेल्या नळीत मज्जेतल्या पाण्याची वाफ कोंडते, हाड फटकन तडकतं आणि तापलेला तुकडा उडतो.

बोनमीलबद्दल : जाळू नका. बाजारात मिळतं ते जाळलेलं नसतं, दळलेलं असतं. कच्चं किंवा वाफवलेलं. कच्च्यात साधारण तीन टक्के नायट्रोजन आणि वीस टक्क्यांच्या आसपास फॉस्फेट असतं. हाड जाळलं की नायट्रोजन धुरात जातो. फॉस्फेट उरतं, पण जास्त तापून पांढरं झालेल्या हाडातलं मातीत आणखी सावकाश विरघळतं. म्हणजे वास सोसून खत कमी दर्जाचं. तुमच्या खानापूर भागातली लाल, आम्लधर्मी माती बोनमीलला मानवते, कारण आम्लामुळं फॉस्फेट सुटं होतं. तेच खत पूर्वेकडच्या काळ्या, चुनखडीच्या रानात घातलं तर बरंचसं नुसतं पडून राहतं. वापरायचंच तर बारीक दळलेलं घ्या आणि पेरणीआधी मातीत मिसळा. वर पसरून उपयोग नाही, कुत्री मात्र गोळा होतील.


प्रश्न : कर्फ्यू हा शब्दही आगीवरूनच आलाय म्हणतात. खरं का? आणि कर्फ्यू म्हणजे जमावबंदी की संचारबंदी?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : खरं आहे. आणि इथं फ्रेंच खरोखरच आहे. जुन्या फ्रेंचमधलं ‘कुव्र–फ’ : कुव्र म्हणजे झाक, फ म्हणजे आग. ‘आग झाका’. नॉर्मन लोकांबरोबर तो इंग्लंडात आला आणि झिजून कर्फ्यू झाला. आज कुणाला तो जोडशब्द वाटतही नाही. असाच दुसरा झिजलेला शब्द ‘कर्चीफ’, हँडकर्चीफमधला : मूळ ‘कुव्र–शेफ’, डोकं झाक. क्रियापद आधी आणि कर्म नंतर ही घडण मराठी कानाला उलटी वाटते. आपण ‘आगलाव्या’ म्हणतो, म्हणजे आधी आग, मग लावणं. इंग्रजीतला ‘स्पिटफायर’ही कर्फ्यूच्याच वळणाचा : थुंक–आग, म्हणजे तोंडातून आग ओकणारा, तापट.

मध्ययुगातली घरं लाकडाची, छपरं गवताची. संध्याकाळी ठरलेल्या वेळी घंटा झाली की घरोघरी चुलाण झाकायचं. झाकायचं, विझवायचं नव्हे. निखारे एकत्र ओढून त्यांवर राख ओढायची किंवा पत्र्याचं झाकण ठेवायचं, म्हणजे ठिणगी छपराला लागत नाही आणि सकाळी त्याच निखाऱ्यावर पुन्हा जाळ करता येतो. काडेपेटी नव्हती तेव्हा विझलेली चूल ही मोठीच अडचण. चुलीत विस्तव राखून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नसतं : राख जास्त दाबली तर हवा तुटून निखारा मरतो, भुरभुरीत पसरली तर रात्रीतच जळून जातो.

पुढं त्या घंटेनंतर बाहेर हिंडू नये असा अर्थ चिकटला. म्हणून कर्फ्यू म्हणजे संचारबंदी, घराबाहेर पडायलाच मनाई. जमावबंदी वेगळी, तिच्यात एकट्यानं ये–जा करता येते, जमून उभं राहता येत नाही. वर्तमानपत्रात ‘१४४ कलम’ म्हणून छापून यायचं ते बहुतेक वेळा जमावबंदीपुरतं असे. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्या जागी १६३ कलम आहे. बातमीत ‘१४४ लागू, शहरात कर्फ्यू’ असं दिसलं तर आधी आदेशात काय मनाई केलीय ते वाचायचं.


प्रश्न : वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन आणि आग विझवणाराही फायरमन. एक आग वाढवतो, एक मारतो. हे कसं?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, लोंढा

उत्तर : जोडशब्द दोन गोष्टी शेजारी ठेवतो, त्यांच्यात नातं काय ते सांगत नाही. विग्रह ऐकणाऱ्यानं करायचा. ‘आगगाडी’ आगीवर चालते. पण म्हणून ‘आगपेटी’ आगीवर चालत नाही, तिच्यातून आग निघते. फायरमनचंही तसंच : आगीशी ज्याचा कामधंदा तो. (काडेपेटीला कानडीत ‘बेंकीपोट्टण’ म्हणतात, आगीची पुडी. आपली ‘काडेपेटी’ काडीवरून, त्यांची पुडी ‘आगपेटी’सारखी आगीवरून.)

तुमच्या फायरमनचं काम ‘आग वाढवणं’ एवढंच होतं असंही नाही, हे तुम्हाला सांगायला नको. इतर वाचकांसाठी : कॅसलरॉक ते कुळे या घाटात चढ सदतिसात एक आहे. तिथं एकदम भारंभार कोळसा टाकला तर हवा कमी पडून काळा धूर निघतो आणि वाफेचा दाब उलट घसरतो. थर कुठं फार पातळ झाला तर भोकातून गार हवा थेट आत शिरते, तरीही दाब घसरतो. म्हणून थोडा थोडा, पातळ, सगळीकडं सारखा. वितळून चिकटलेली खंगरं जाळीवरून काढत राहायचं ते वेगळंच.


प्रश्न : न्हाणीघरातला बंब आणि आग विझवायला येणारा बंब, एकच शब्द का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आगीचा बंब पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘बोम्बा’ म्हणजे पाणी उपसायचा पंप, आणि तोच शब्द स्फोटाच्या बॉम्बलाही. सुरुवातीचे अग्निशामक बंब म्हणजे गाड्यावर बसवलेले हातपंपच होते, दोन्ही बाजूंनी माणसं दांडे खालीवर करायची. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात पंप नाही. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. नाव तेच. तो लावताना एकच लक्षात ठेवा : आधी पाणी भरायचं, मग विस्तव घालायचा. कोरड्या बंबात विस्तव पडला तर आतल्या नळीचा डाख सुटतो आणि कल्हईवाल्याकडं खेप घालावी लागते.